पहिल्या हंगामात मध मोजू नका, माशी जगवा

(जिल्हा बैठकीत झालेले भाषण)



मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या तर पैसे किती सुटतात, हा प्रश्न येणारच. म्हणून हिशेब आधी सांगते. आईने आणि मी घरामागच्या परसात दोन पेट्या ठेवल्या. ऑक्टोबर ते मार्च या पहिल्या हंगामात मध निघाला अडीच किलो. तेवढ्यावर कोणाचे कर्ज फिटत नाही. तरीही पेट्या परसात आहेत आणि राहणार आहेत. का, ते ऐका.

आग्या मोहोळ आपल्या सर्वांच्या ओळखीचे. ती माशी उघड्यावर एकच मोठे पोळे लावते, पेटीत नांदत नाही. पेटीत नांदते ती सातेरी. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, अंधारात ती शेजारी-शेजारी अनेक पोळी बांधते. म्हणून पेटीतल्या लाकडी चौकटी तिला मानवतात. पेटीत राणी एकच, नर थोडे, बाकी हजारो कामकरी माश्या. राणी गेली आणि नवी तयार झाली नाही, तर पेटी संपली.

वही मी ठेवली, पेटी आईने उघडली. तिचा हात शांत. दर आठ-दहा दिवसांनी, कोवळ्या उन्हात, गोवरीचा थोडा धूर देऊन ती एकेक चौकट सरळ वर उचलायची. बघायच्या गोष्टी तीनच: ताजी अंडी आहेत का, खायला मध आहे का, मेणकिड्याची जाळी धरली आहे का. मुंग्या चढू नयेत म्हणून घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत. नांगी रुतली तर चिमटीत दाबायची नाही, नखाने खरवडून काढायची. अंगावर गांधी उठून श्वास लागला तर घरगुती उपाय नको, थेट दवाखाना.

खरी अडचण आली कपाशीतून. कपाशीचे फूल सकाळी उमलते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी पडते. माशीचे काम त्या पहिल्या सकाळचे. पानाच्या खालच्या शिरेवर गोड रस पाझरतो, तोही ती घेते. नोव्हेंबरात एका सकाळी नऊच्या सुमारास शेजारच्या शेतात फवारणी झाली. दुपारी एका पेटीच्या दारापुढे ओंजळभर मेलेल्या माश्या.

आई त्या घरी गेली, पण भांडायला नाही. म्हणाली, "भाऊ, तुमची कपाशी वाचलीच पाहिजे. फक्त आदल्या दिवशी सांगा, आणि दिवस कलल्यावर फवारा." त्यांनी ऐकले. सांजेला माशी पेटीत परतलेली असते, सकाळपर्यंत फवारा पानावर वाळतो. काही औषधांचा अंश पुढेही राहतो, त्यामुळे धोका सगळा टळत नाही. पण तसा ढीग आम्हाला पुन्हा दिसला नाही.

भावांनो, ही गोष्ट माशीपुरती नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. भर उन्हात, वाऱ्यात उडालेला फवारा आधी फवारणाऱ्याच्याच अंगावर येतो. माशीला जी वेळ बरी, ती पाठीवर पंप घेणाऱ्यालाही बरी.

आता पिकाचे. ज्वारीला वारा पुरतो. माशी तिचा पराग मात्र पिलांसाठी नेते. सूर्यफुलाचा दाणा भरायला आणि कांद्याचे बी धरायला माशीची मोठी मदत होते. हा हिशेब मधाच्या बाटलीत दिसत नाही, खळ्यावर दिसतो.

ज्यांना सुरुवात करायची त्यांनी आधी शिकून घ्यावे. महाबळेश्वरचे मधसंचालनालय आणि पुण्याची केंद्रीय मधमाशी संस्था शिकवतात. पाऊस सरल्यावर दोन पेट्या आणा. एक बिघडली तर दुसरीशी ताडून बघता येते. मध वरच्या कोठीतला आणि मेणाने झाकलेलाच काढा. खालचा माश्यांचा, पावसाळ्यात त्यांना तोच आधार.

आणि पेटी घरी आणण्याआधी चार बांधांवर जाऊन बोला. माशी आपला बांध ओळखत नाही. ती आपल्या परसात राहील, पण जगेल ती शेजाऱ्याच्या शब्दावर.

एवढे सांगून मी थांबते.