सहा मिनिटांची चाल



विश्रांतीत हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फिरविते. कठोर श्रमात निरोगी तरुणाचे हृदय २० लिटरांपर्यंत मजल मारते. फुप्फुसांतील हवा तर ६-८ लिटरांवरून १०० लिटरांच्या घरात जाते. म्हणूनच निजून काढलेला ईसीजी निर्दोष असला तरी विकार दडलेला राहू शकतो. आम्ही वाणिज्य शाखेचे; मागणी एकदम आल्याखेरीज पेढीची पत कळत नाही, हे जाणतो.

ट्रेडमिलवर ब्रूस पद्धतीने दर ३ मिनिटांनी वेग व चढ वाढवितात. वृद्धांना आणि जुनाट श्वसनविकाराच्या रुग्णांना ते झेपतेच असे नाही. त्यांच्यासाठी सहा मिनिटांची चालचाचणी आहे. ३० मीटरांचा सपाट मार्ग, घड्याळ आणि ऑक्सिमीटर एवढेच तिला लागते. दम लागल्यास रुग्णाने थांबावे. घड्याळ थांबत नाही. अंतर किती कापले, प्राणवायू किती उतरला, हे पाहून डॉक्टर उपचारांची दिशा ठरवितात. (आप्तजन मायेने शेजारून चालू लागतात, कृपया तसे करू नये, रुग्णाची गती बदलते.)

तळमजल्याच्या व्हरांड्यात औषधांचे दुकान काढावे, अशी सूचना आली आहे. भाडे मिळेल, हे खरे. परंतु ३० मीटर सलग मोकळी जागा आपल्याकडे तेवढीच आहे. ती मोकळी ठेवावी, अशी विश्वस्तांना आमची विनंती आहे.