बंद पडलेला प्लग पॉइंट

घरातला एखादा प्लग पॉइंट चालेनासा झाला, की संशय आधी सॉकेटवर जातो. दोष मात्र पुष्कळदा दुसरीकडेच निघतो. म्हणून तपासाची सुरुवात वस्तूपासून करावी. न चालणारी इस्त्री किंवा पंखा दुसऱ्या चालू पॉइंटला लावून पाहावा. तिथेही तो चालला नाही, तर बिघाड वस्तूत किंवा तिच्या वायरीत असतो.

वस्तू ठीक असेल तर त्याच बोर्डावरचे बाकीचे पॉइंट पाहावेत. सगळाच बोर्ड बंद असेल तर एमसीबी पडला आहे का, जुन्या घरात किटकॅट फ्यूजमधली तार जळाली आहे का, हे तपासावे. पडलेला एमसीबी एकदाच वर करावा. तो पुन्हा पडला तर त्याच्याशी झुंजण्यात अर्थ नाही. पुढे कुठेतरी शॉर्ट किंवा जादा भार आहे. किटकॅटमध्ये फ्यूज तारेऐवजी तांब्याची जाड तार बांधणे म्हणजे घराचा पहारेकरी काढून टाकणे.

पूर्ण घर अंधारात आणि शेजारी उजेड, असे खेड्यात नेहमी घडते. डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा, एक फेज गेला, की त्या फेजवरची तेवढीच घरे बंद पडतात. अशा वेळी काठी घेऊन डीपीकडे जाणारे हौशी प्रत्येक गावात असतात. ते काम महावितरणच्या लाईनमनचेच आहे. श्रीरामपूर-राहुरी पट्ट्यात २०११ पर्यंत मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेचा पुरवठा होता, आता तिथेही महावितरण आहे. मीटरच्या पुढची घरातली वायरिंग मात्र घरमालकाचीच जबाबदारी असते.

एकच पॉइंट बंद असेल तर टेस्टर उपयोगी पडतो. सॉकेटकडे तोंड करून पाहिल्यास उजवे छिद्र फेजचे, डावे न्यूट्रलचे आणि वरचे मोठे अर्थिंगचे. टेस्टर उजवीकडे पेटला, की लोक निर्धास्त होतात. वास्तविक टेस्टर फक्त फेज असल्याचे सांगतो; न्यूट्रल तुटले असले तरी तो पेटतोच. दोन्ही छिद्रांत पेटला तर न्यूट्रल तुटल्याचा दाट संशय घ्यावा, कारण लाईनवरच्या दुसऱ्या चालू वस्तूतून फेज त्या वायरीत उतरलेला असतो. म्हणजे बंद दिसणारा पॉइंटही जोरदार शॉक देऊ शकतो.

सॉकेट जळण्याचे नेहमीचे कारण हिवाळ्यात दिसते. बादलीत सोडायचा पाणी तापवायचा रॉड दीड हजार वॅटचा असतो आणि तो खुशाल ६ अँपिअरच्या सॉकेटला लावला जातो. २३० व्होल्टवर ६ अँपिअरचे सॉकेट जेमतेम १,३८० वॅट पेलते. रोजच्या तापण्याने आतला स्क्रू ढिला होतो, ढिल्या जोडावर ठिणग्या पडतात, तडतड ऐकू येते आणि प्लास्टिकवर तपकिरी डाग उमटतो. असे सॉकेट टेप गुंडाळून वाचत नाही. ते बदलावे, वायरीचे काळे पडलेले टोक कापून नवे तांबे स्क्रूखाली घट्ट आवळावे. रॉड, गिझर यांना १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट हवा.

बोर्डाचे झाकण उघडण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा. नुसते बोर्डावरचे बटण पुरत नाही, कारण काही घरांत ते चुकून न्यूट्रलवर बसवलेले असते. टेस्टर मेन बंद करण्याआधीच चालू पॉइंटवर पारखून घ्यावा आणि मगच बंद पॉइंटवर लावावा.

अर्थिंगचा प्रश्न अहिल्यानगर जिल्ह्यात उन्हाळ्यात वाढतो. पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड यांसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांत जमीन कोरडी पडते, अर्थिंगचा खड्डा सुकतो आणि फ्रिजच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावे, पण तेवढ्यावर थांबू नये; झिणझिण्या आल्यास वस्तूचा वापर बंद करून अर्थिंग मोजून घ्यावे. मेनजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असला तर शॉक बसताच पुरवठा तुटतो.

ओली भिंत, जळका वास किंवा भिंतीतल्या वायरीचा दोष असेल तर परवानाधारक वायरमनलाच बोलवावे. मीटरच्या अलीकडचा, म्हणजे खांबाकडचा बिघाड महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर नोंदवता येतो.