ही सुई कुठे गेली?



२०१७ ते २०२३ सलग सात वेळा आपले इंदूर देशात स्वच्छतेत पहिले आले. घरचा ओला-सुका कचरा आपण न चुकता वेगळा देतो. मग गल्लीतल्या दवाखान्याला सूट का? २०१६ चे जैव-वैद्यकीय कचऱ्याचे नियम एकही खाट नसलेल्या दवाखान्यालाही लागू आहेत. रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाइनची नळी लाल पिशवीत, काचेची बाटली निळ्या खोक्यात आणि सुई पांढऱ्या, टणक डब्यात.

नळी पिवळ्या पिशवीत गेली, तर ती भट्टीत जळताना विषारी वायू होऊ शकतो. सुई साध्या कचऱ्यात गेली, तर सफाई कामगाराच्या हातात घुसते. हिपॅटायटिस, एचआयव्हीचा धोका त्याच्या माथी. आमच्या बँकेत मिसळलेल्या नोटा संध्याकाळी पुन्हा लावता येतात. हा कचरा पुन्हा निवडता येत नाही. तो जागीच वेगळा व्हावा लागतो.

म्हणून पार्षद मत मागायला आले, की नळ-रस्त्याबरोबर हेही विचारा: आपल्या वॉर्डातल्या किती दवाखान्यांकडे प्रदूषण मंडळाचे अधिकारपत्र आहे? आणि इंजेक्शन घेतल्यावर डॉक्टरसाहेबांना नम्रपणे विचारा, ही सुई कुठे गेली?