दुष्काळफंड व विश्वस्तांची जबाबदारी



वर्गणीची विनंति करण्यापूर्वीं, घेतलेल्या पैशाविषयीं आम्ही कोणत्या बंधनांत आहों हें सांगणें आमचें पहिलें काम होय.

आपण व्यापारी व जमीनदार आहां. पेढीवर दहा सौदे होतात. सात साधतात, तीन बुडतात. वर्षाअखेर मेळ बसला म्हणजे मन स्वस्थ होतें. विश्वस्ताच्या पैशास हा हिशेब लागू नाहीं. १८८२ च्या इंडियन ट्रस्ट्स ॲक्टाच्या २४ व्या कलमाप्रमाणें, एका कर्तव्यभंगानें झालेलें नुकसान दुसऱ्या निराळ्या कर्तव्यभंगानें मिळालेल्या नफ्यांतून वळतें करतां येत नाहीं. नफा ठेवीचा, तोटा मात्र विश्वस्ताच्या पदरीं. १५ वें कलम सांगतें कीं, साधारण शहाणा मनुष्य स्वतःच्या मालमत्तेची जितकी काळजी घेईल, तितकी विश्वस्तानें घेतली पाहिजे. आणि ५४ वें कलम विश्वस्तांपैकींच कोणाच्या जातमुचलक्यावर पैसा लावण्यास मनाई करतें.

हा कायदा सार्वजनिक धर्मादायास थेट लागू नाहीं, हें खरें; परंतु त्यांतील नीति आम्हीं शिरोधार्य मानिली आहे. शिवाय १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्यानें, ज्यास आतां महाराष्ट्राचें नांव आहे, हिशेब ठेवणें, ते तपासून घेणें व तूर्त न लागणारी रक्कम कायद्यानें ठरविलेल्या बँकांत वा रोख्यांत ठेवणें हीं बंधनें घातलीं आहेतच.

आमच्यापैकीं एका सन्मान्य सभासदांनीं शिल्लक रक्कम अधिक व्याजानें आपल्या पेढीवर ठेवण्याची इच्छा दर्शविली. हेतु शुद्ध, पेढीही भक्कम. तरी समितीनें ती नम्रपणें नाकारली. घेणारा व देणारा एकच झाला, तर तगादा कोणीं करावा?

मात्र काळजी म्हणजे नुसती राखण नव्हे. १९०० सालीं जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह यांनीं दुष्काळनिवारणार्थ १५ लक्ष रुपये दिले. ती कायमची ठेव होती. मूळ राखून उत्पन्न वेंचावयाचें. आमचा फंड तसा नाहीं. तो या उन्हाळ्याच्या कडब्यासाठीं व पाण्यासाठीं जमविलेला आहे. आषाढांत पाऊस पडल्यावर मोठी शिल्लक दाखविणें ही काटकसर नव्हे. ज्या बैलासाठीं कडबा घ्यावयाचा, तो चैत्रांतच बाजारीं विकला गेलेला असतो. तो बैल गेला म्हणजे कुणब्याची पुढील पेरणीही गेली. अतएव उधळपट्टी हा जसा दोष, तसाच विलंब हाही दोषच होय.

यास्तव समितीनें असे नियम केले आहेत: सभासदाच्या दुकानांतून खरेदी नाहीं, प्रत्येक खर्चास दोन सह्या व पावती, आणि वह्या कोणाही वर्गणीदारास पाहण्यास खुल्या.

सज्जनहो, आपण उदार हस्तें द्यावें, ही प्रार्थना आहेच. पण दिल्यावर आम्हांस विसरूं नये. येऊन वह्या उघडाव्या, छावणींत जाऊन गंजी मोजाव्या, चूक दिसल्यास सभेंत विचारावें. आपली ही जागरूकता आम्ही दानाइतकीच मोलाची समजूं.