छत्रातला मुक्काम
(शाळेच्या हीरकमहोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



सातवीत असताना याच व्यासपीठावर पाठ केलेले भाषण विसरून मी रडत खाली उतरले होते. तरीही शाळेने आज मला बोलावले, हा तिचा मोठेपणा. अनेक वर्षांच्या खंडानंतर मी पुन्हा पदार्थविज्ञानाच्या उच्च शिक्षणाकडे कशी वळले, हे सांगावे अशी सूचना आहे. त्यासाठी तुम्हांला तामिळनाडूतील ओरत्तनाडु या गावी घेऊन जाते.

बी.एस्सी. होताच घरच्या परिस्थितीमुळे मी बँकेत नोकरी धरली. नवव्या वर्षी बदली ओरत्तनाडुला झाली. तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. भोवती भाताची शेते आणि नारळीची झाडे. तिथे मला अनपेक्षितपणे भोसल्यांचे नाव भेटले. तंजावरचे सरफोजीराजे, दुसरे, यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इथे मुक्तांबेच्या नावाने छत्र बांधले. रामेश्वराच्या वाटेवरील यात्रेकरूंना तिथे अन्न आणि निवारा मिळे. मुलांच्या शिक्षणाचीही सोय होती. ती जुनी वास्तू पाहताना मनात आले, की छत्रात मुक्कामाला थांबलेल्या माणसाने यात्रा सोडली, असे कोणी म्हणत नाही. मग माझीच यात्रा संपली, असे मी का मानावे?

त्या रात्री ट्रंकेतली जुनी पुस्तके काढली. सरल दोलकाच्या आवर्तकालाचे सूत्र मला तोंडपाठ होते. ते येते कोठून, हे मात्र कागदावर मांडता येईना. अर्धा तास खाडाखोड केली आणि वही मिटली. नऊ वर्षांत काय गमावले, ते त्या वहीने सांगितले. सूत्रे शिल्लक होती, हाताची सवय गेली होती.

पुढे चूकही केली. कमीपणा वाटू नये म्हणून एकदम पुंजयांत्रिकी हाती घेतली. दोन महिने नुसते वाचत राहिले. समजल्यासारखे वाटे, पण उदाहरण एकही सुटत नसे. एम.एस्सी.साठी आय.आय.टी.ची ‘जॅम’ ही प्रवेशपरीक्षा दिली, तीत अपयश आले. तेव्हा अहंकार बाजूला ठेवून पहिल्या पायरीवर गेले. आधी कलनशास्त्र आणि विकल समीकरणे, मग यामिकी, त्यानंतर विद्युतचुंबकत्व, आणि शेवटी पुंजयांत्रिकी व सांख्यिकीय भौतिकी. रोज पहाटे दीड तास. उत्तर न पाहता निदान दोन उदाहरणे सोडवायची, आणि अडलेले रविवारी पुन्हा करायचे. ‘एनपीटीईएल’वरील प्राध्यापकांची व्याख्याने विनामूल्य असल्याने गावाचे अंतर आड आले नाही.

या सगळ्यात आपली शाळा सतत सोबत होती. इंग्रजी पुस्तकातले विवेचन अडले, की मी ते स्वतःला मराठीत समजावून सांगे. संवेग, जडत्व, विभवांतर हे शब्द इथेच शिकले होते. जे मराठीत सांगता येईना, ते मुळातच कळलेले नसे. नववीत सरांनी सुतळीला दगड बांधून झोका मोजायला लावला होता आणि “झोका लहान ठेवा” असे बजावले होते. ते का, हे मला ओरत्तनाडुत उमगले. कोन लहान असेल तरच ते साधे सूत्र लागू पडते.

धीर देणारे एक उदाहरण होते ते चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे. त्यांच्या पूर्वजांची शेती याच तंजावर जिल्ह्यातली. १९०७ साली ते कलकत्त्यास वित्त खात्यात अधिकारी झाले आणि कचेरीच्या आधी व नंतर विज्ञानसंस्थेत प्रयोग करीत राहिले. मध्यंतरी रंगून आणि आपल्या नागपूरलाही बदली झाली, तरी काम थांबले नाही. १९१७ साली कमी वेतन पत्करून ते प्राध्यापक झाले. त्यांच्या प्रतिभेशी तुलना नाही. पण कचेरी सांभाळून राखलेला वेळ आपल्यालाही राखता येतो.

रामन यांच्यासारखे धाडस माझ्यात नव्हते. घरी आईचे औषधपाणी होते. दोन वर्षांचा घरखर्च शिल्लक पडेपर्यंत मी राजीनामा दिला नाही. दुसऱ्या प्रयत्नात प्रवेश मिळाला, तेव्हा वर्गातली मुले माझ्याहून दहा वर्षांनी लहान होती. पहिल्या सत्रात सर्वांत कमी गुण माझेच होते. दुसऱ्या सत्रात तसे राहिले नाही. आज मी संशोधक विद्यार्थिनी आहे.

समोर बसलेल्यांपैकी ज्यांचे शिक्षण मध्येच थांबले असेल, त्यांना एवढेच सांगते. ‘जॅम’ला वयाची अट नाही. ‘गेट’लाही नाही. अट आहे ती पुन्हा पहिल्या पायरीवर बसण्याची, आणि तिथे बसण्यात लाज नाही, हे मला याच शाळेच्या बाकांनी शिकवले.