झाडापाशी यावं लागेल : स्वागताध्यक्षांचं भाषण

स्वागताध्यक्षाने काय बोलायचं हे आपल्याकडे ठरून गेलेलं आहे. रत्नागिरीचा महिमा सांगायचा, टिळकांचं जन्मघर आणि थिबा राजवाडा यांचा उल्लेख करायचा, राहण्या-जेवणातल्या उणिवांबद्दल आगाऊ क्षमा मागायची आणि खाली बसायचं. उल्लेख करून झाला. क्षमेचं म्हणाल तर जेवण चांगलं आहे, मी काल मुदपाकखान्यात जाऊन चाखून आलो आहे. डास मात्र आहेत. उरलेला वेळ मी तुमच्या विषयावर घेणार आहे. 'जीनोम, जनुकांची अभिव्यक्ती आणि प्रथिनांचं कार्य' ही अक्षरं परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेवर वाचून आमच्या स्वागत समितीतल्या एका बागायतदाराने मला विचारलं, "भाऊ, यात आपलं काय?" तो समोरच बसला आहे. त्याला इथेच उत्तर देतो.

हापूस हा कलमी आंबा. कोय लावून हापूस मिळत नाही, रायवळ मिळतो, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. रायवळाच्या रोपावर हापूसची काडी बांधायची, ती जगली की हापूस. याचा अर्थ असा की पालघरपासून सावंतवाडीपर्यंत उभी असलेली हापूसची सगळी झाडं एका कुठल्यातरी जुन्या झाडाच्या फांद्या आहेत. शेकडो वर्षांत इकडेतिकडे एखादं अक्षर बदललं असेल ते सोडा, पण जीनोम, म्हणजे झाडाचा सगळा जनुकीय मजकूर, जवळजवळ एकच. तो वाचूनही झाला आहे. २०२० साली 'जीनोम बायॉलॉजी' या नियतकालिकात आंब्याचा जीनोम प्रसिद्ध झाला. वीस गुणसूत्रं, सुमारे ३९ कोटी अक्षरं. त्यासाठी जी जात निवडली ती हापूसच होती आणि ते काम केलं चिनी संशोधकांनी. मला त्याचा राग नाही. विज्ञानाला सातबारा नसतो. पण आपल्या दारातलं झाड दुसऱ्याने आधी वाचलं ही गोष्ट इथे जमलेल्या तरुण संशोधकांनी ऐकून ठेवावी म्हणून सांगितली.

आता माझा प्रश्न. जीनोम एकच असेल तर देवगडचा हापूस आणि दापोलीचा हापूस वेगळा कसा लागतो? एकाच बागेत कातळावरच्या झाडाचं फळ आणि खालच्या मातीतल्या झाडाचं फळ सारखं का नसतं? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या, म्हणजे आपल्या एनसीएलच्या, संशोधकांनी दापोली, देवगड आणि वेंगुर्ला इथल्या हापूसच्या स्वादद्रव्यांची तुलना केली, तेव्हा ठिकाणागणिक प्रमाणं वेगळी निघाली. जे आमचे आजोबा नाकाने सांगायचे ते यंत्राने सांगितलं. एनसीएलच्या मंडळींनी पुढे जाऊन हा वास फळात तयार कसा होतो तेही शोधलं. कच्च्या कैरीला टर्पीन गटातल्या द्रव्यांचा वास असतो. पिकायला लागल्यावर त्यात लॅक्टोन आणि फ्युरॅनोन येतात. फ्युरॅनिऑल नावाचं जे द्रव्य स्ट्रॉबेरीत आणि अननसात आहे, तेच पिकल्या हापूसमध्ये आहे. ते बनवणारं विकर, म्हणजेच ते काम करणारं प्रथिन, त्यांनी आंब्यातून वेगळं ओळखलं आणि त्याचं जनुक फळाच्या कोणत्या अवस्थेत किती चालू असतं याचा माग काढला. ते जनुक मुळांत आहे, पानांत आहे, कोवळ्या कैरीतही आहे. पण आढीत घातलेल्या फळाचा वास मुळांना कधी येत नाही. पंचांग साऱ्या गावाचं एकच असतं, पण त्यातला कोणता दिवस कोणत्या घरी साजरा होणार हे ते घर ठरवतं, पेशींचंही तसंच. यालाच तुम्ही जनुकांची अभिव्यक्ती म्हणता आणि आम्ही त्यावर पोट भरतो.

मोहोराचं पाहा. थंडी पडली की मोहोर येतो. थंडी लांबली की झाड पालवी काढत बसतं आणि बागायतदार कर्ज काढत बसतो. या मागची हकिकत मला फार आवडते. पान दिवसाची लांबी ओळखतं आणि फूल मात्र शेंड्याला येतं, तेव्हा पानाकडून शेंड्याकडे काहीतरी निरोप जात असला पाहिजे, असं रशियातल्या चैलाख्यान यांनी १९३०च्या दशकात मांडलं. त्या निरोप्याला त्यांनी 'फ्लोरिजेन' हे नाव दिलं. नाव मिळालं, वस्तू सापडेना. जवळजवळ सत्तर वर्षं लोक तिच्या मागे होते. २००७ साली मोहरीच्या कुळातल्या अरबिडॉप्सिस या तणात आणि भातात एकाच वेळी दाखवून दिलं गेलं की तो निरोप्या म्हणजे एक लहानसं प्रथिन आहे. ते पानात बनतं, अन्नरसाच्या नळ्यांतून वर जातं आणि शेंड्याला सांगतं की आता पानं पुरे. त्याच्या जनुकाला एफटी म्हणतात. आंब्यातही ते सापडलं आहे आणि गार हवेत आंब्याच्या पानांमध्ये ते वाढतं हेही दिसलं आहे. भाताला दिवस लहान झालेला कळतो, आंब्याला रात्र गार झालेली कळते, आणि दोघेही निरोप पाठवतात तो एकाच घराण्यातल्या प्रथिनाकरवी. जीवशास्त्र म्हणजे 'सर्व सजीवांचा अभ्यास' या शब्दांत मला पूर्वी थोडी पोकळ मोठेपणाची छटा वाटायची. ही गोष्ट समजल्यावर ती वाटेनाशी झाली.

बागायतदार मित्रहो, आपण कल्टार घालतो तेव्हा काय करतो? कल्टारमधलं पॅक्लोब्युट्राझोल झाडातल्या एका विकराला, कौरीन ऑक्सिडेजला, अडवतं. ते अडलं की जिबरेलिन बनत नाही, वाढ थांबते आणि झाड मोहोराकडे वळतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्याची मात्रा ठरवून दिली, तेव्हापासून आपण दर पावसाळ्यात आळ्यात औषध ओतून एका प्रथिनाचं काम बंद पाडत आलो आहोत. कार्यक्रमपत्रिकेतल्या तिसऱ्या विषयात आपलं काय, ते हे.

आणि साका. इथे हसू नका. पेटी कापल्यावर निम्मी फळं आतून पांढरी, फुसफुशीत आणि आंबट निघाली की काय होतं ते वाशीच्या बाजारात जाऊन विचारा. बाहेरून फळ देखणं, आत कोयीजवळचा गर मेलेला. फळ झाडावर असतानाच आतलं बी रुजायच्या तयारीला लागतं आणि ते अन्न ओढू लागल्याने गर बिघडतो, असं संशोधन सांगतं. म्हणजे इथेही जनुकं तीच, चुकते ती वेळ. नीलम आणि हापूसच्या संकरातून इथल्या विद्यापीठाने 'रत्ना' ही जात दिली, तिला साका होत नाही. मग हापूसमध्ये आणि रत्नामध्ये बी जागं होण्याच्या वेळी नेमकं कोणतं जनुक वेगळं वागतं? याचं पक्कं उत्तर कोणी दिलं तर कोकण त्याची मिरवणूक काढेल.

आंबा पुरे. इथे कातळावर राहणाऱ्या दुसऱ्या एका रहिवाशाबद्दल सांगतो. फुरसं. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात सरकारने फुरशांवर बक्षीस लावलं, तेव्हा आठ दिवसांत लाखाहून जास्त फुरशी लोकांनी आणून टाकल्याची जुनी नोंद आहे. याच फुरशाच्या विषात एकिस्टॅटिन नावाचं प्रथिन आहे, अवघ्या ४९ अमिनो आम्लांचं. रक्तातल्या बिंबिका एकमेकींना चिकटण्याची जी जागा असते ती हे प्रथिन अडवतं. त्याची नक्कल करून टायरोफिबान हे औषध बनलं आणि १९९८पासून ते हृदयविकाराच्या रुग्णांना दिलं जातं. ज्याने आमची माणसं मारली त्यानेच कुणाच्या तरी हृदयाची वाट मोकळी केली. एवढं सांगून मी थांबलो असतो, पण यातली अडचण सांगायला हवी. सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं. जात तीच, जनुकं बहुतेक तीच, पण विषग्रंथीत कोणतं जनुक किती चालू आहे यावर विषाची घडण ठरते. घोणशीच्या बाबतीत बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी विषातला हा प्रादेशिक फरक सविस्तर दाखवला आहे. आपल्याकडची प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर आहे आणि तिच्यासाठी लागणारं विष मुख्यतः तामिळनाडूतल्या इरुळांच्या सहकारी संस्थेकडून येतं. इरुळांचे आपल्यावर उपकार आहेत. पण तिथल्या सापाच्या विषावर तयार झालेली लस आमच्या सापाला कितपत लागू पडते, हा प्रश्न आमच्या ग्रामीण रुग्णालयातला डॉक्टर रोज मध्यरात्री सोडवत असतो. आणि आमच्या बांबूच्या बेटातला चापडा तर त्या यादीतच नाही.

विंचवाचं नाव काढलं नाही तर महाडचे लोक रागावतील. तिथल्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचू चावलेल्या रुग्णांजवळ रात्र रात्र बसून पाहिलं की विषाने शरीरातलं ॲड्रेनलिन उसळतं, रक्तदाब वाढतो आणि हृदय थकून फुप्फुसात पाणी भरतं. त्यावर त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध वापरलं आणि ते 'लॅन्सेट'मध्ये जगाला सांगितलं. तेव्हा त्या विंचवाचा जीनोम कोणी वाचलेला नव्हता. विष शरीरात काय करतं याचा अंदाज खाटेशेजारच्या निरीक्षणातून बांधला गेला. इथे बसलेल्या ज्या विद्यार्थ्यांना वाटतं की लाखो रुपयांचं यंत्र आल्याशिवाय संशोधन सुरू होत नाही, त्यांच्यासाठी हे सांगितलं.

आता या सगळ्यातून मला जे म्हणायचं आहे ते. डीएनए चिवट असतो. हरियाणातल्या राखीगढीच्या दफनातून चार हजारांहून अधिक वर्षं जुना मानवी डीएनए पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या मंडळींना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मिळाला. साठाहून अधिक नमुने तपासल्यावर एकच कामाचा निघाला, पण निघाला. आंब्याचं वाळकं पान पाकिटात घालून हैदराबादला पाठवलं तरी त्यातून जीनोम वाचता येतो. आरएनएचं, म्हणजे चालू जनुकाच्या तात्पुरत्या नकलेचं, तसं नाही. फळ देठापासून तोडलं की त्या क्षणापासून त्यातली जनुकं वेगळं वागू लागतात आणि आरएनए तुटू लागतो. पहाटेच्या गारव्यात मोहोर फुटताना पानात काय चाललं होतं हे जाणून घ्यायचं तर द्रव नायट्रोजनचा डबा घेऊन पहाटे त्या झाडाखाली उभं राहावं लागतं. पुण्याला पोचेपर्यंत सात-आठ तास जातात, तोवर झाडाने काय सांगितलं ते पुसून गेलेलं असतं. जीनोम कुठेही बसून वाचा, आमची हरकत नाही. अभिव्यक्ती मोजायला मात्र इथे यावं लागेल, ऋतूमागून ऋतू यावं लागेल.

आलेल्या मंडळींचा अनुभवही मोकळेपणाने सांगतो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेचे लोक माझ्या बागेत आले. पानं नेली, फळं नेली, चहा घेतला, खूप छान बोलले. पुढे त्यातून काय निघालं ते मला कळलं नाही. एखादा निबंध कुठेतरी छापला गेला असेल, त्याच्या आभाराच्या ओळीत 'स्थानिक शेतकरी' असे दोन शब्द असतील. ते दोन शब्द मी होतो. त्या लोकांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला ठाऊक आहे. परत सांगायला येण्यासाठी कोणी प्रवासखर्च देत नाही, इतकंच.

आणखी एक सांगून संपवतो. माणसाच्या जीनोममध्ये प्रथिनांची जनुकं सुमारे वीस हजार, आणि आपल्या पोळीच्या गव्हात एक लाखाहून जास्त. २०१८ साली गव्हाचा जीनोम पूर्ण झाला तेव्हा हा आकडा वाचून आमच्या घरात दोन दिवस कुणी पोळीला नावं ठेवली नाहीत. पण लाखभर जनुकांतल्या कितींचं काम आपल्याला नक्की माहीत आहे, असं विचारलं तर या सभागृहातले तज्ज्ञ एकमेकांकडे पाहतील. अक्षरं वाचण्याचं काम स्वस्त झालं आहे. प्रथिनाची घडी कशी असेल याचा अंदाज आता संगणक वर्तवतो, त्याला २०२४चं नोबेलही मिळालं. ते प्रथिन इथल्या खाऱ्या वाऱ्यात, जांभ्या दगडावर, जूनच्या पहिल्या पावसात काय करतं, हे काम अजून तसंच पडून आहे.

म्हणून अध्यक्ष महाराज, परिषदेच्या शेवटी आपण ठराव कराल त्यात दोन ठराव आमचे घ्यावेत ही विनंती. पहिला, उणे ऐंशी अंशांचं शीतकपाट आणि द्रव नायट्रोजनची सोय रत्नागिरी जिल्ह्यात एका ठिकाणी कायमची असावी. जागा आणि वीजबिल आमची सहकारी संस्था देईल, हे मी सभासदांना विचारून बोलतो आहे. दुसरा, ज्याच्या बागेतून, ज्याच्या कातळावरून नमुना नेला त्याला निष्कर्ष मराठीत, दोन पानांत, वर्षाच्या आत मिळावा.

उद्या सकाळी साडेसहाला वसतिगृहासमोरून गाड्या सुटतील. यंदाचा पहिला मोहोर आला आहे. ज्यांना झाडापाशी यायचं आहे त्यांनी आज रात्रीच नाव नोंदवावं, आणि पायात बूट घालून यावं. कातळावर फुरशी अजून आहेत.