विद्यार्थ्याच्या ताटाचा हक्क



पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांस आश्रय दिला आणि ते मिंधेपण ओसरू लागले. २०१६-१७ पासून शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी 'स्वयंम' व अनुसूचित जातींसाठी 'स्वाधार' योजना निघाली. पुण्या-मुंबईत भोजनापोटी वार्षिक ३२,००० रुपये ठरले. म्हणजे दिवसास ८८ रुपयेही नव्हेत! तेवढ्यासाठीही जात, उत्पन्न व रहिवासाचे दाखले लागतात. किनवटच्या गुड्यांतील मुलगा गुणांत नव्हे, कागदांत मागे पडतो.

दुसरे असे की, मुलगा नांदेडास शिकावयास गेला म्हणून शिधापत्रिकेवरील त्याचे नाव कमी करू नये. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबास दरमहा माणशी ५ किलो धान्य मिळते; 'एक देश, एक शिधापत्रिका' व्यवस्थेमुळे आपला वाटा तो तेथेही उचलू शकतो.

म्हणून माझी नम्र विनंती आहे : बारावीचा निकाल लागण्यापूर्वीच संघाच्या तरुणांनी गरजू मुलांचे दाखले काढून द्यावेत, मग तो मुलगा कोणत्याही ज्ञातीचा असो. अन्नदान एका वेळची भूक भागविते. वेळेवर मिळालेला दाखला वर्षभराची.